मालगाडी आली बघ

मार्च लागला की आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक कागद चिकटतो. मुलांच्या परीक्षा सुरू आहेत, गच्चीवर कार्यक्रम नकोत, स्पीकर नको. ठाण्यातल्या कोलशेतच्या या उंच इमारतीत एरवी कोणी कुणाचं ऐकत नाही, पण या कागदाचं ऐकतात. संध्याकाळी खाली खेळणारी पोरं गायब होतात. पीतमोहराची फुलं पार्किंगमधल्या गाड्यांच्या टपांवर पडून राहतात, कुणी झाडत नाही. खाडीकडून येणारा वारा दुपारी पडतो आणि मग कुठल्या तरी खिडकीतून, पंख्याच्या घरघरीतून, पाठांतराचा एकसुरी आवाज येत राहतो. परीक्षा मुलांच्या असतात असं सगळे धरून चालतात. मला मात्र मार्च म्हटला की माझ्या आईची परीक्षा आठवते.

मी पाच वर्षांचा होतो. आई नाशिकला मामाकडे राहून डी.एड. करत होती आणि मला तिने बरोबर ठेवलं होतं. बाबा डोंबिवलीत, केमिकल कंपनीत पाळीवर. शेवटच्या वर्षाची परीक्षा जवळ आली तसा माझ्यामुळे तिचा अभ्यास होईना. मग होळीच्या सुमाराला तिने मला डोंबिवलीजवळ कोपरला, सुमामावशीच्या घरी आणून सोडलं. "दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे," असं मोठी माणसं एकमेकांना सांगत होती. मला कुणी काही सांगितलं नाही.

मावशीची चाळ रुळांना लागून होती. मधे एक बुटकी भिंत, मग रूळ, त्यापलीकडे कापणी होऊन गेलेली शेतं आणि त्याच्याही पलीकडे खाडीची एक पांढरी रेघ. मार्चमध्ये मावशीचं वाळवण चालायचं. गॅलरीत जुनं लुगडं अंथरून त्यावर कुरडया घातलेल्या असत आणि हातात काठी घेऊन कावळे हाकायला मी. गव्हाच्या चिकाचा आंबूस वास, तापलेल्या रुळांचा वास, आणि संध्याकाळी बाबा भेटायला आले की त्यांच्या शर्टाला कंपनीचा वास. त्या दोन महिन्यांतलं मला सगळं आधी नाकाने आठवतं.

लोकल गाड्यांकडे आम्ही कुणी बघायचो नाही, त्या सारख्याच जायच्या. मालगाडी आली की मात्र मी कठड्याच्या गजांत तोंड खुपसून उभा राहायचो. ती हळू यायची. गंजलेले, तांबूस, बिनखिडक्यांचे डबे, संपता संपायचे नाहीत. चाळीच्या भिंती थरथरायच्या आणि मावशीच्या फळीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून किणकिणायची. सगळ्यात शेवटी गार्डाचा डबा. त्यातला माणूस कधीकधी हात करायचा.

आई रविवारी यायची. आल्यावर माझी नखं काढायची, डोक्याला तेल लावायची, गोष्ट सांगायची. जेवणं झाली की पर्समधून श्रीखंडाची गोळी काढून माझ्या हातावर ठेवायची आणि मला गॅलरीत घेऊन जायची. "मालगाडी आली बघ. डबे मोज बरं. किती आहेत ते मला सांगायचं हं." मी मोजायचो. गोळी गालात धरून, एकेका डब्याला बोट लावून. गार्डाचा डबा गेला की आकडा तोंडात घेऊन मागे वळायचो. मागे आई नसायची.

"अरे, इथेच गेलीय, दुकानात. येईल आत्ता," मावशी म्हणायची. "मला सांग की, किती होते डबे?"

मी सांगायचो नाही. तो आकडा आईचा होता.

आपल्याकडे लहान मुलाला सोडून जायची ही रीतच आहे. काऊ दाखवायचा, चिऊ दाखवायची, हल्ली मोबाइल लावून द्यायचा आणि तोवर मागच्या दाराने सटकायचं. नजर चुकवून गेलेला माणूस समजूतदार ठरतो. सांगून निघालेल्याला लोक बोल लावतात की कशाला पोराला उगाच रडवलंस. या रीतीत कुणाला काही वाईट दिसत नाही. आजी ते करते, बाप ते करतो, पाळणाघराची बाई तर तेच करायला सांगते. "तुम्ही निघा ताई, मी त्याला मासे दाखवते."

मी गेली पंचवीसेक वर्षं या रीतीच्या विरोधात बोलतो आहे. तो माझा व्यवसाय आहे. ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत माझी समुपदेशनाची केबिन आहे. लहान मुलं आणि त्यांचे आईबाप हे माझं मुख्य काम. आमच्या अभ्यासात अटॅचमेंट थिअरी नावाचा एक मोठा भाग असतो. मूल आपल्या माणसाला कसं धरून राहतं, तो माणूस दूर गेला की त्याचं काय होतं आणि मोठेपणी ते इतरांना कसं धरतं किंवा सोडतं, याचा तो विचार आहे. त्यात बघण्याची एक साधी पद्धत आहे. खोलीत आई आणि मूल, भोवती खेळणी. आई बाहेर जाते. थोड्या वेळाने परत येते. बघणारे काचेआडून बघत असतात. नवख्याला वाटतं, आई जाताना मूल किती रडतं ते बघायचं असेल. खरं बघायचं असतं ते आई परत आल्यावर मूल काय करतं ते. काही मुलं धावत जाऊन बिलगतात आणि थोड्या वेळात पुन्हा खेळायला लागतात. काही बिलगतात आणि मारतातही, शांतच होत नाहीत. आणि काही मुलं मान वर करत नाहीत. आई आलेली त्यांना दिसते, तरी ती ठोकळ्यावर ठोकळा रचत राहतात. बघणाऱ्याला वाटतं, किती शहाणं मूल. त्याच्या छातीचे ठोके मोजले तर ते रडणाऱ्या मुलासारखेच धावत असतात.

हे मी पहिल्यांदा वर्गात ऐकलं तेव्हा बाविशीत होतो. इतर मुलं लिहून घेत होती. माझी मान तापली. एप्रिल संपताना परीक्षा देऊन आई मला न्यायला कोपरला आली होती, त्या दुपारी मी गॅलरीत बसून बाटल्यांची बुचं रांगेत लावत होतो. "अरे, आई आली बघ," मावशी म्हणाली. मी पुढचं बूच लावलं. आईने जवळ बसून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी त्या पुढचं बूच लावलं. तेव्हा आई मावशीला कौतुकाने म्हणाली, "बघ सुमे, किती शहाणा झालाय. रडणं नाही, काही नाही."

त्या शब्दावर मी डूख धरला. वर्गात मला त्या डुखाचं शास्त्रीय नाव मिळालं, एवढंच.

वर्गात हे ऐकलं त्याच आठवड्यातल्या रविवारी घरी जेवताना, बाबा आणि सुमामावशी समोर असताना, मी आईला सगळं ऐकवलं. काचेआडची माणसं, मान वर न करणारी मुलं, आणि हे की मला माणसं जवळ आली की धाप लागते त्याचं कारण काय. मी विचार करून, वाक्यं जुळवून आलो होतो. आई आमटी वाढत होती. तिने ऐकून घेतलं, माझ्या वाटीत आणखी एक पळी घातली आणि विचारलं, "हे तुमच्या परीक्षेला आहे का?"

"आहे."

"मग उदाहरण तरी घरचं मिळालं. खा आता, गार होतंय."

मावशीला हसू फुटलं. बाबाही हसले. त्या हसण्याचं येणं माझं अजून बाकी आहे, असं मला आता वाटतं. केबिनमध्ये आलेल्या किती आयांकडून मी ते वसूल केलं, देव जाणे.

गेल्याच महिन्यातली एक सांगतो. तपशील बदलले आहेत. डोंबिवलीची एक तरुण आई, आयटीत नोकरी, अडीच वर्षांचा मुलगा. तो रात्री दचकून उठतो, दिवसा तिच्या ओढणीचा पदर सोडत नाही, बाथरूमलाही एकटं जाऊ देत नाही. नवरा सोबत होता. मी विचारलं, सकाळी कामाला कशा निघता? ती ओशाळून म्हणाली, "सासूबाई त्याला खिडकीत कबुतरं दाखवतात. तेवढ्यात मी निघते."

"लिफ्टपर्यंत चोरासारखी पळते, सर," नवरा हसत म्हणाला. "सॅंडल हातात घेऊन. आवाज नको म्हणून."

इथे मी त्यांना जे सांगायला हवं होतं ते मला पाठ आहे. मुलाला सांगून निघा. दोन वाक्यांत, खोटं न बोलता. परत कधी येणार ते त्याला कळेल अशा भाषेत सांगा, की तुझं दूध पिऊन झालं की येईन. ते रडेल. रडू द्या. त्याच्या रडण्याला घाबरून थांबू नका आणि चिडूही नका. सांगितलंय तेव्हा परत या. चार-सहा आठवड्यांत त्याला कळतं की आई जाते आणि आई येते. नजर चुकवली तर त्याला कळतं ते एवढंच, की आई कधीही नाहीशी होऊ शकते, म्हणून तिच्यावरची नजर हलवायची नाही. ते तुमच्यामागे बाथरूमपर्यंत येतं, कारण ते पहारा देत असतं.

हे मी सांगितलं. पण त्याआधी मी तिला विचारलं, "तुम्ही त्याला फसवता, हे तुमच्या कधी लक्षात आलं नाही?" आणि गप्प राहिलो. आमच्या व्यवसायात गप्प राहण्याला किंमत आहे. समोरच्याला बोलायला जागा मिळावी म्हणून आम्ही गप्प राहतो. त्या दिवशी मी तिला रडू यावं म्हणून गप्प राहिलो. तिला रडू आलं. मी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि मला आतून बरं वाटलं. थंड पाणी प्यायल्यासारखं.

डोळे पुसून ती म्हणाली, "सर, सांगून निघायला जाते ना, तर माझाच पाय निघत नाही."

ते वाक्य मी तेव्हा ऐकलं नाही. ऐकलं, पण कामाचं मानलं नाही.

आम्ही काही समुपदेशक महिन्यातून एकदा जमतो आणि आपापलं काम एकमेकांसमोर मांडतो. आमच्यात ग्रेसी मॅडम सगळ्यात ज्येष्ठ. इथल्याच एका जुन्या ख्रिस्ती गावठाणातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. बोलताना समोरच्याच्या बशीतलं बिस्किट उचलून खातात. मी ही केस सांगितली. मी फार नेमकं सांगतो असं मला वाटत होतं. त्यांनी माझं बिस्किट संपवलं.

"तू तिला शिकवलंस की हाणलंस रे?"

"मॅडम, तिला जाणीव व्हायला हवी होती."

"जाणीव झाली की नाही ते माहीत नाही. तुझी फी वसूल झालेली दिसते." मग जरा थांबून म्हणाल्या, "आईला फासावर द्यायला कोणी ही थिअरी काढली नाही, बाबा. मूल कशावर तगून राहतं ते बघायला काढली. तुझी आई कुठे असते आता?"

मी सांगितलं, कल्याणच्या पुढे एका वृद्धनिवासात असते.

"जातोस?"

"दर रविवारी."

"मग बरं आहे," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. मी त्यांना जे सांगितलं नाही ते इथे लिहितो आहे.

गेल्या वर्षी दिवाळीआधी आई घरात पडली. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, डोंबिवलीत ती एकटीच राहायची. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आमच्याकडे दिवसभर घरात कोणी नसतं, ठेवलेल्या बाया टिकेनात. मी आणि माझी बायको मेधा तीन निवासं बघून आलो. एक बदलापूरला होतं, झाडीत, शांत. एक ठाण्यातच, घरापासून जवळ. आणि एक कल्याणच्या पुढे. सांगताना मी सगळ्यांना सांगितलं की तिथे फिजिओथेरपिस्ट रोज येतो आणि खोल्या मोठ्या आहेत. दोन्ही खरं आहे. पण पहिल्या मजल्यावरच्या त्या खोलीच्या गॅलरीत उभा राहिलो तेव्हा समोर कुंपण होतं, त्यामागे रूळ होते, आणि एक मालगाडी कसाऱ्याकडे चालली होती. गॅलरीचा गज हाताखाली थरथरत होता. मेधाला मी म्हणालो, "हेच घेऊ."

"रुळांचा आवाज होईल त्यांना," ती म्हणाली.

"सवय आहे आईला."

आई एका शब्दाने नको म्हणाली नाही. "बघ, तुझ्या सोयीचं," एवढंच. शाळेत तीस वर्षं शिकवलेली बाई, तिला हट्ट करणारी माणसं आवडत नाहीत. तिने रडावं, मला इथे ठेवू नकोस म्हणावं, अशी मी वाट बघत होतो. ती बॅगेत ब्लाउजच्या घड्या नीट बसतात का ते बघत होती.

पहिल्या रविवारी निघताना मालगाडी आली, ती आपोआप. "बघ आई, मालगाडी," मी म्हणालो. तिने मान वळवली. दार माझ्या पाठीशी होतं. मी निघून गेलो. जिन्यात पोचल्यावर मी काय केलं ते माझ्या लक्षात आलं आणि माझ्या अंगातून एक शिरशिरी गेली. तिच्यात लाज होती, नाही म्हणत नाही. पण लाजेपेक्षा जास्त काहीतरी होतं.

दुसऱ्या रविवारी मी गाडी येईपर्यंत थांबलो.

मग तो नेम झाला. तिची नखं काढायची. डोक्याला तेल लावायचं. हे सगळं मी करायचो आणि मनापासून करायचो, हे कुणाला पटणार नाही. तिचे केस आता इतके विरळ आहेत की तेल लावताना बोटांना थेट तिची टाळू लागते, ऊन, लहान मुलाची असते तशी. ठाण्यात एका जुन्या दुकानात श्रीखंडाच्या गोळ्या मिळाल्या त्या मी घेऊन गेलो. "अगंबाई, अजून मिळतात?" असं म्हणून तिने एक गालात धरली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. गाडी आली की मी म्हणायचो, "मालगाडी आली बघ." ती बघायची. मी बाहेर काढून ठेवलेले बूट हातात उचलायचो आणि मोज्यांवर जिना उतरायचो.

पुढच्या रविवारी गेलो की दारात क्षणभर उभा राहायचो. काचेआडच्या माणसासारखा. मी आल्यावर ती काय करते ते बघायला. ती मान वर करायची नाही. पेपर वाचत असेल तर वाचत राहायची, शेंगा सोलत असेल तर सोलत राहायची. मी खुर्ची ओढून बसलो की मग, "आलास? चहा सांग." तिथल्या सेविका रेखाताई मला म्हणाल्या, "आजी फार शहाण्या आहेत हो. बाकीचे, पोरं भेटून गेली की, गोंधळ घालतात. यांचं काही नाही, वेळेवर जेवतात, झोपतात." मला त्या बाईचा राग आला. मला आईचा गोंधळ हवा होता. मी रेखाताईंना विचारणार होतो, मी गेल्यावर आई कुणाला विचारते का, दाराकडे बघते का, कुणी सांगतं का तिला की इथेच गेलाय, दुकानात. पण हे विचारायचं कसं?

मेधाला यातलं काही माहीत नव्हतं, पण तिला वास यायचा. "रविवारी आईकडे जातोस की तिची परीक्षा घ्यायला जातोस?" ती एकदा म्हणाली. "परत आलास की चेहरा असा असतो, जसं काही निकाल राखून ठेवलाय."

असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. मार्च आला. निवासाच्या आवारातल्या पांगाऱ्याला एक पान उरलं नाही, नुसती लाल फुलं. मागच्या बाजूच्या गच्चीवर तिथल्या बायकांनी कुरडया घातल्या. मी फाटकातून आत शिरलो आणि तो आंबूस वास आला आणि मी तिथेच थांबलो. त्या दिवशी सकाळीच त्या डोंबिवलीच्या आईचा मेसेज आला होता. "सर, या आठवड्यात रोज सांगून निघाले. तो खूप रडतो. मी जिन्यात बसून रडते. परवा निघाले तेव्हा त्याने पहिल्यांदा बाय केलं. तुमचा राग आला होता, अजून आहे. तरी कळवते आहे." मी गाडीत बसून तो दोनदा वाचला होता.

आईची नखं काढून झाली. तेल लावून झालं. गोळी दिली. दुपारची मालगाडी आली, कल्याणकडून, जडशीळ, तशीच हळू. "मालगाडी आली बघ," मी म्हणालो. आईने खुर्ची जराशी वळवून तोंड रुळांकडे केलं. मी बूट उचलले. पण त्या दिवशी मी जिना उतरलो नाही. दाराबाहेर, पडद्याआड उभा राहिलो. मला बघायचंच होतं. इतके महिने मी तिला सोडून जात होतो, पण सोडून गेल्यावर तिचं काय होतं हे मी पाहिलंच नव्हतं. सूड घेणाऱ्याला निदान तेवढं बघायचा हक्क असतो, असं मला वाटलं असावं.

गाडी गेली. गार्डाचा डबा गेला. गजांचं थरथरणं थांबलं. आईने मागे वळून पाहिलं नाही. रूळ रिकामे झाले तरी ती तशीच समोर बघत राहिली, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. रेखाताई दुसऱ्या दाराने दुधाचा कप घेऊन आल्या.

"आजी, गेले ना तुमचे साहेब. वळा आता. काय बघता तिकडे, गाडी गेली कधीची."

"जिना उतरून फाटकापर्यंत जायला वेळ लागतो त्याला," आई म्हणाली. "तोवर बघायचं नाही. आपण बघत राहिलं की त्याचा पाय निघत नाही."

पडद्याआड बूट हातात धरून मी उभा होतो. त्या क्षणी मला मावशीची गॅलरी आठवली. आजवर आठवायची तशी नाही. पहिल्या दोन रविवारी मी खरंच फसलो होतो. त्यानंतर नाही. त्यानंतर मला मागे चपला उचलल्याचा आवाज कळायचा. आई चपला पायात घालायची नाही, हातात घ्यायची, आणि उचलताना एक चप्पल दुसरीला लागायची. तो आवाज झाला की मी जास्त मोठ्याने डबे मोजायचो. वळलो असतो तर ती सापडली असती. मग तिला थांबावं लागलं असतं, तिची गाडी चुकली असती, परीक्षा होती. कुणी मला काही सांगितलं नव्हतं, पण तेवढं मला कळत होतं. म्हणून मी वळत नव्हतो. हे मी बाविशीत तिला ऐकवताना सांगितलं नव्हतं. वर्गात नाही, ग्रेसी मॅडमना नाही, मेधाला नाही. फसवलं गेलेलं पोर म्हणून मी आयुष्यभर फिर्याद चालवली, आणि ते पोर फसलेलंच नव्हतं.

मी आत गेलो. रेखाताई मला बघून दचकल्या आणि कप ठेवून निघून गेल्या. आईने आवाजावरून ओळखलं.

"विसरलास काही?"

मी तिच्यासमोर, गॅलरीच्या उंबऱ्यावर बसलो. बूट अजून हातात होते. तिने बुटांकडे पाहिलं, मग माझ्या मोज्यांकडे.

"मुद्दाम करतोस," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"हो."

"गोळ्या आणल्यास तेव्हाच कळलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललास तेव्हा."

खाली कुणीतरी कावळे हाकत होतं. मला तिच्यावर ओरडायचं होतं. तुला कळत होतं मी वळत नाही ते, आणि तू ते मला करू दिलंस, पाच वर्षांच्या पोराला. वर शहाणा म्हणालीस. हे मी बोललो की नाही ते मला नक्की आठवत नाही; ओठ हलले असावेत. तिने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि मान खाली घातली.

मग मी जे केलं ते मी लोकांना शिकवतो. दोन वाक्यांत, खोटं न बोलता.

"आई, मी आता निघतोय. पुढच्या रविवारी, तुझं सकाळचं खाणं झालं की येईन."

तिने माझं मनगट धरलं. मी आजवर तिच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. "एवढ्यात?" ती म्हणाली आणि तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर मोडला. ती रडायला लागली. आवाज करून, नाक वाहून, लहान मूल रडतं तसं. "थोडा बस ना रे. इथे मला कुणी नाही. तू घरी ने ना मला." पंचेचाळीस वर्षं मी या रडण्याची वाट बघितली होती. ते माझ्यासमोर होतं, सगळंच्या सगळं, जसं मी मागितलं होतं तसं. मला त्याचं काही करता येईना. थंड पाणी वगैरे काही नाही. मी आयांना सांगतो की रडू द्या, घाबरून थांबू नका. केबिनच्या खुर्चीत बसून हे सांगायला किती सोपं आहे.

मी तिला घरी नेईन असं म्हणालो नाही. खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि मी तिला नेईन की नाही हे मला त्या वेळी माहीत नव्हतं, अजून नक्की नाही. माझ्यातला डूख एका दुपारी उतरला असंही मी म्हणणार नाही. तिचं रडणं बघताना आत कुठेतरी तो फणा काढून बघत होताच. मी तिच्याजवळ बसून राहिलो. तिची पकड सैल होईपर्यंत. मग तिने पदराने नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "जा आता. अंधार होईल."

मी उठलो तशी ती सवयीने रुळांकडे वळायला लागली.

"इकडे बघ, आई," मी म्हणालो. "मी जातोय ते बघ."

ती बघत राहिली. मी दारात बसून तिच्यासमोर बूट पायात घातले, नाड्या बांधल्या. पाय निघत नव्हता. मग जिना उतरलो, एकेक पायरी, बूट वाजवत, शेवटच्या पायरीपर्यंत तिला ऐकू जातील असे.